कराटे भारी की कुस्ती?

मधल्या सुट्टीत हा वाद हमखास रंगतो. कराटेवाला जिंकेल की पैलवान? बॉक्सर की सुमो? १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात हा वाद चक्क पिंजऱ्यात सोडवायला घेतला. निरनिराळ्या विद्यांचे आठ गडी, वजनी गट नाहीत. चावायचं नाही, डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, बाकी जवळजवळ सगळं चालेल!

पहिल्याच लढतीत अवाढव्य सुमो मल्ल टेला तुली हा जेरार्ड गोर्डोवर धावून गेला. तोल जाऊन तो खाली आला आणि गोर्डोची लाथ थेट तोंडावर. दात उडाला, २६ सेकंदांत खेळ खलास.

पण त्या रात्री जिंकला तो ब्राझीलचा रॉयस ग्रेसी. (तिकडे त्याला 'हॉयस' म्हणतात बरं का!) वजन जेमतेम ऐंशी किलो, अंगात पांढरा झगा. त्याच्यापुढे बॉक्सर आर्ट जिमरसन आला तो एकाच हातात ग्लोव्ह घालून. रॉयसने त्याला कवेत घेऊन खाली पाडलं आणि छातीवर बसला. पडल्यावर काय करायचं हे बॉक्सरला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने हार मानली. अंतिम फेरीत रॉयसने गोर्डोचा गळा मागून आवळला, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आता एक गंमत सांगतो. हा सामना भरवणाऱ्यांत रॉयसचाच थोरला भाऊ होता! म्हणजे घरच्या विद्येची जाहिरातही झालीच.

तरी त्या विद्येत दम होता. तिचं मूळ ज्युदोत. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला. नुसते हवेत हातवारे न करता, खराखुरा विरोध करणाऱ्या जोडीदाराशी रोज झुंजायचं, हा त्यातला मोठा भाग. तेवढा जोर लावूनही सहसा इजा होत नाही, कारण ठोसे-लाथा नसतात. आपल्या तालमीत तरी दुसरं काय चालतं? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, ते असंच रोज धरून-पाडून घेत तयार झाले होते.

मग लाथा-ठोसेवाले कायमचे हरले का? छे! १९९७ साली मॉरिस स्मिथ हा किकबॉक्सर मार्क कोलमन या दणकट कुस्तीगिरासमोर उभा राहिला. कोलमनने त्याला पाडलं, पण स्मिथ खालून कसा बचाव करायचा ते शिकून आला होता. कोलमन दमला, स्मिथ उठला आणि २१ मिनिटांनंतर निकाल त्याच्या बाजूने लागला.