एका बेअरिंगसाठी अर्धी गाडी का खोलावी लागते? गोष्ट ट्रायम्फ स्पिटफायरच्या मागच्या चाकाची

गाडीनं थोडा वेग घेतला की मागून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागतो. वेग वाढला की आवाज वाढतो, वळणावर त्याचा सूर बदलतो. गाडी न्यूट्रलला टाकून नुसती पळू दिली तरी तो थांबत नाही. म्हणजे दोष इंजिनात नाही. अनुभवी मेकॅनिक ऐकूनच सांगतो, व्हील बेअरिंग गेलंय.

आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये हे एका दिवसाचं काम. पण गाडी जर ट्रायम्फ स्पिटफायर असेल, तर ब्रिटनमधले मुरलेले हौशी लोकही हे काम घरी करावं का, याचा दोनदा विचार करतात. बेअरिंग स्वस्तात मिळतं. अडचण ते बाहेर काढण्याची आहे.

आधी ही गाडी कोणती ते बघू

स्पिटफायर म्हणजे दोन सीटची, छप्पर उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. नाव दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं, डिझाइन जोव्हानी मिकेलोट्टी या इटालियन माणसाचं. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत अशा तीन लाखांहून जास्त गाड्या बनल्या. सामान्य नोकरदाराला परवडावी म्हणून कंपनीनं तिचे बरेचसे भाग आपल्याच हेरल्ड या फॅमिली कारवरून घेतले. मागच्या चाकांची रचनाही तिथूनच आली आणि सगळी गंमत तिथेच आहे.

त्या काळच्या बहुतेक स्वस्त गाड्यांना मागे या चाकापासून त्या चाकापर्यंत सलग अ‍ॅक्सल असायचा. स्पिटफायरमध्ये डिफरन्शियल चासीला पक्का बसवलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट निघतो. शाफ्टच्या आतल्या टोकाला युनिव्हर्सल जॉइंट, बाहेरच्या टोकाला चाक. खड्डा आला की पक्ष्याचा पंख हलावा तसा शाफ्ट चाकासकट वर-खाली होतो. याला स्विंग अ‍ॅक्सल म्हणतात. म्हणजे हा शाफ्ट चाक फिरवतो आणि चाकाला जागेवर धरूनही ठेवतो.

या रचनेचा भारताशीही संबंध आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीनं १९६० च्या दशकात आपल्याकडे स्टँडर्ड हेरल्ड बनवली, ती याच स्विंग अ‍ॅक्सलवर. इथल्या गिऱ्हाइकांना आणि मेकॅनिकांना तो काही फारसा रुचला नाही. पुढे १९७२ मध्ये त्याच गाडीवरून गझेल आली, तेव्हा कंपनीनं मागे सरळ सलग अ‍ॅक्सल टाकला.

बेअरिंग गेलं की शाफ्टही का जातो?

शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाला एका हाउसिंगमध्ये दोन बेअरिंग असतात. बाहेरचं नेहमीचं छर्र्यांचं. आतलं मात्र नीडल बेअरिंग, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरचं.

छर्र्यांच्या बेअरिंगला स्वतःच्या दोन कड्या असतात, एक आत आणि एक बाहेर. झीज होते ती त्या कड्यांची आणि छर्र्यांची. बेअरिंग बदललं की विषय संपतो. या नीडल बेअरिंगला आतली कडीच नाही. रोलर थेट शाफ्टच्या अंगावर फिरतात. त्यामुळे ग्रीस सुकलं किंवा सील फाटून पाणी आत गेलं, की रोलर शाफ्टलाच खरवडायला लागतात. आवाज येतोय हे कळूनही सहा महिने गाडी चालवली, तर बेअरिंग काढल्यावर शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच दिसते. मग नवं बेअरिंग घालून उपयोग नाही, शाफ्टही नवा लागतो.

खाच पडलेला किंवा गंजलेला शाफ्ट धोकादायकही असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो किंचित वाकतो आणि सरळ होतो. तडा जायला अशीच जागा लागते. शाफ्ट तुटला तर चाक हब आणि ब्रेक ड्रमसकट गाडीपासून वेगळं होतं.

आणि हब निघत का नाही?

बेअरिंगपर्यंत पोचायचं तर आधी हब काढावा लागतो. चाक ज्यावर बोल्ट होतं, तो हा भाग. शाफ्टचं टोक निमुळतं आहे आणि हबचं भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की दोन्ही एकमेकांत घट्ट रुततात.

स्वयंपाकघरात स्टीलचे दोन पेले एकात एक अडकतात, ते आठवा. ओढून निघत नाहीत, उलट जोर लावला तर हात घसरतो. इथे पेल्यांच्या जागी जाड पोलाद आहे, त्यावर नटाचा दाब आणि वर पन्नास वर्षांचा गंज.

गॅरेजमधला साधा दोन-तीन पायांचा पुलर इथे लावला तर तो हबची कडच वाकवतो. म्हणून कंपनीच्या वर्कशॉपसाठी चर्चिल नावाचा खास पुलर होता. त्याची जाड प्लेट हबच्या बोल्टांवरच बसते, त्यामुळे जोर सगळीकडून सारखा लागतो. आजही जुन्या गाड्यांच्या मंडळींमध्ये हा पुलर हातोहात फिरतो.

काम होतं ते असं. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवायची. चाक, ड्रम, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, शॉक अब्सॉर्बर सोडवायचे. शाफ्ट डिफरन्शियलपासून वेगळा करून अख्खा जोड टेबलावर आणायचा. मग हबचा नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. तो शाफ्टच्या टोकाबरोबर ठेवला की आटे वाचतात आणि हब सुटला तरी उडत नाही. पुलर आवळायचा, त्याच्या स्क्रूच्या डोक्यावर घणाचा ठोका द्यायचा, पुन्हा आवळायचा. तरीही नाही निघाला, तर पेल्यांचाच उपाय: बाहेरचा भाग तापवायचा. हब फुगतो आणि पकड सैल होते. मात्र भडका शाफ्टकडे जाऊ द्यायचा नाही, कारण फार तापलं की पोलादाचा कडकपणा उतरतो. काही जण पुलर ताणून रात्रभर तसाच सोडतात. हब सुटतो तेव्हा गोळी सुटल्यासारखा आवाज होतो, म्हणून समोर उभं राहायचं नाही.

एवढं झाल्यावर बेअरिंग ठोकून काढणं, नवं बसवणं, सील बदलणं हे त्यामानानं किरकोळ. परत जोडताना शाफ्टचं निमुळतं टोक अगदी स्वच्छ आणि कोरडं हवं. त्याला ग्रीस लागता कामा नये. ग्रीस भरायचं ते बेअरिंगमध्ये.

हे कोण तपासतं?

ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि त्यात चाकाची बेअरिंगही बघतात. पण मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. शेवटची स्पिटफायर १९८० मध्ये बनली, म्हणजे आता सगळ्याच त्या वयाच्या. गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवण्याची जबाबदारी मालकावर कायम आहे, पण वर्षातून एकदा चाक हलवून बघणारा माणूस राहिलेला नाही.

तपासणी तशी दोन मिनिटांची आहे. चाक उचलायचं, वरून आणि खालून धरून हलवायचं. खडखड लागली की कुणाला तरी आतून शाफ्टकडे बघायला सांगायचं. खेळ आतल्या टोकाला दिसला तर युनिव्हर्सल जॉइंट, चाकाजवळ दिसला तर बेअरिंग. मग हातानं चाक फिरवून ऐकायचं, वाळू दळल्यासारखा आवाज येतो का ते. आणि एका बाजूचं बेअरिंग गेलेलं निघालं, तर पुलर परत करण्याआधी दुसरी बाजूही उघडून घ्यायची. ती चाकंही तेवढीच फिरलेली असतात.