प्रवाळातील वैद्य आणि त्याचा तोतया

लक्षणे तंतोतंत सारखी, व्याधी मात्र निराळी, हा अनुभव आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना नवा नाही. नेमका असाच पेच, समुद्रात डुबकी घेणाऱ्या निरीक्षकापुढे एक बोटभर लांबीचा मासा उभा करतो.

लक्षद्वीप आणि अंदमान येथील प्रवाळखडकांवर 'क्लीनर रॅस' हा मासा आढळतो. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. लांबी साधारणतः दहा सेंटिमीटर. अंग पुढे फिकट आणि शेपटीकडे निळे असून, मुखापासून निघालेला काळा पट्टा मागे रुंदावत जातो. एखाद्या ठरावीक प्रवाळापाशी हा आपला दवाखाना थाटतो. मोठे मासे तेथे येऊन तोंड व कल्ले उघडून स्तब्ध राहतात आणि हा चिमुकला त्यांच्या जबड्यात शिरून परजीवी टिपतो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटावरील, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा एक मासा दिवसाकाठी सुमारे १२०० परजीवी खातो असे आढळले.

याच मुलखात त्याचा तोतयाही वावरतो. ॲस्पिडॉन्टस टेनिएटस हा ब्लेनी कुळातील मासा. रॅसशी त्याचे कोणतेही जवळचे नाते नाही. तरीही रंग, पट्टा, आकार, एवढेच नव्हे तर वरखाली हेलकावत केलेले नृत्यही त्याने हुबेहूब उचलले आहे. विश्वासाने थांबलेल्या माशाच्या पराचा तो लचका तोडतो. मात्र पुढील निरीक्षणांनी या कथेला मुरड घातली: प्रौढ तोतयांचा मुख्य आहार नळीत राहणारे सागरी कृमी आणि इतर माशांची अंडी हा असतो. पर तोडण्याचा उद्योग प्रामुख्याने लहान तोतये करतात.

मग निदान कसे करावे? मुख पाहावे. रॅसचे तोंड थेट समोर असते. तोतयाचे नाकाडाच्या खाली असून, खालच्या जबड्यात दोन लांब सुळे दडलेले असतात. तोतयाचा पाठीवरील पर डोक्याच्या अगदी मागूनच सुरू होतो. तो अनेकदा अरुंद बिळात शिरून केवळ डोके बाहेर ठेवून बसतो.

अर्थात, खरा वैद्यही मोहापासून मुक्त नाही. परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरील श्लेष्मा त्याला अधिक रुचतो. त्याने चावा घेतल्यास गिऱ्हाईक अंग झटकते, त्याचा पाठलाग करते किंवा दुसरीकडे निघून जाते. म्हणून तो बहुधा परजीवींवरच समाधान मानतो. या विश्वासाचे मोल किती? लिझार्ड बेटाजवळील काही छोट्या प्रवाळखडकांवरून हे मासे साडेआठ वर्षे सातत्याने दूर ठेवले गेले. तेथे कायम राहणाऱ्या माशांची संख्या, इतर खडकांच्या तुलनेत ३७ टक्क्यांनी कमी भरली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले.

ज्यांना हे दृश्य पाहावयाचे असेल त्यांनी दोन मीटर अंतर राखावे, प्रवाळाला हात वा पाय लावू नये आणि माशाचा पाठलाग करू नये. श्वास संथ ठेवून पाण्यात स्थिर राहावे. काही मिनिटांतच दवाखाना पुन्हा गजबजू लागतो. मग पट्ट्याकडे न पाहता, आधी मुखाकडे पाहावे.