मीटर बदलला, प्रोग्राम तोच: इन्स्ट्रुमेंट ड्रायव्हर काय करतो आणि काय करत नाही

टेस्ट बेंचवरचं मीटर, स्कोप, पॉवर सप्लाय ही उपकरणं हातानं वापरणं वेगळं आणि कॉम्प्युटरकडून चालवणं वेगळं. आज या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलू. कॉम्प्युटर आणि उपकरण यांच्यामध्ये उभा असलेला सॉफ्टवेअर ड्रायव्हर हा आजचा विषय.

कॉलेजच्या लॅबमध्ये हा प्रश्न फारसा जाणवत नाही. तो जाणवतो दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये. फौजेत एखादा रेडिओ सेट पंचवीस-तीस वर्षं सेवेत राहतो. रेल्वे सिग्नलिंग आणि वीज केंद्रांतही तीच गोष्ट. त्याची कार्डं तपासायला जो मल्टिमीटर घेतलेला असतो, तो मात्र तितकी वर्षं बाजारात मिळत नाही. मीटर बिघडतो, तसाच दुसरा मिळत नाही, नवा येतो, आणि मग कळतं की टेस्ट प्रोग्रामच्या शेकडो ओळींत जुन्या मीटरची भाषा कोरून ठेवलेली आहे. लिहिणारा माणूस केव्हाच निवृत्त झालेला. दुरुस्त कार्डं रॅकवर पडून राहतात, आणि त्याहून वाईट म्हणजे घाईत काहीतरी जुळवून खराब कार्ड ‘पास’ होऊन युनिटकडे परत जातं.

हेवलेट-पॅकार्डनं 1960 च्या दशकाच्या अखेरीस आपली उपकरणं जोडण्यासाठी एक बस तयार केली. 1975 मध्ये ती आयईईई-488 हे मानक झाली. आपण तिला जीपीआयबी म्हणतो. ती जाड केबल, 24 पिनांचा, एकावर एक चढवता येणारा कनेक्टर, एका बसवर जास्तीत जास्त 15 उपकरणं, सगळी मिळून 20 मीटर केबल. पुष्कळ जुन्या बेंचवर ती आजही आहे आणि चांगली चालते. पण या मानकानं एवढंच ठरवलं की अक्षरं तारेतून कशी जातील. त्या अक्षरांचा अर्थ काय, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं.

याचं एक खरं उदाहरण देतो. एचपीचा 3478ए आणि फ्लूकचा 8840ए हे त्या काळातले दोन लोकप्रिय मल्टिमीटर. दोघांनाही ‘एफ-1’ पाठवलं तर दोघेही डीसी व्होल्टवर जातात. पाहणाऱ्याला वाटतं, भाषा एकच आहे. आता ‘आर-1’ पाठवा. एचपी 30 व्होल्टच्या रेंजवर जाईल, फ्लूक 200 मिलिव्होल्टच्या. समोर 12 व्होल्टची लाइन असेल तर एक बरोबर वाचेल आणि दुसरा ओव्हरलोड दाखवेल. ‘आर-0’ची गंमत तर आणखी वेगळी: फ्लूकसाठी तो ऑटोरेंज, एचपीसाठी 3 व्होल्टची रेंज. म्हणजे अर्धी भाषा सारखी असणं हे पूर्ण वेगळी असण्यापेक्षा जास्त धोक्याचं. पूर्ण वेगळी असेल तर प्रोग्राम लगेच अडतो, अर्धी सारखी असेल तर तो चालत राहतो.

पुढे 1987 मध्ये आयईईई-488.2 आलं आणि प्रत्येक उपकरणाला काही समान आज्ञा समजल्याच पाहिजेत असं ठरलं. ‘स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह’ असं विचारलं की उपकरण आपली कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगतं. 1990 मध्ये एससीपीआय आलं, ज्याला सगळे ‘स्किपी’ म्हणतात. त्यात आज्ञा वाचता येण्यासारख्या झाल्या: मेझर, कोलन, व्होल्टेज, कोलन, डीसी, प्रश्नचिन्ह. एचपीचा गाजलेला 34401ए मीटर स्किपी बोलतो, पण त्यात वर सांगितलेल्या दोन्ही जुन्या मीटरांच्या भाषासुद्धा घातलेल्या होत्या. जुने प्रोग्राम टाकून द्यायला ग्राहक तयार नव्हते, हेच त्यावरून दिसतं.

त्यानंतर व्हीसा नावाचा थर आला. त्यामुळे केबल जीपीआयबी असो, यूएसबी असो, लॅन असो किंवा सीरियल, प्रोग्राममधली ‘लिही’ आणि ‘वाच’ ही क्रिया तीच राहते. पायथॉन वापरणाऱ्यांना पायव्हीसा माहीत असेल, तो याच थराशी बोलतो.

तरीही स्किपीमध्ये कंपनीगणिक फरक उरलेच. ते मिटवण्यासाठी 1998 मध्ये आयव्हीआय फाउंडेशन स्थापन झालं. त्यांनी उपकरणांचे वर्ग पाडले: मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, फंक्शन जनरेटर, डीसी पॉवर सप्लाय, स्विच, स्पेक्ट्रम अॅनालायझर वगैरे. प्रत्येक वर्गात एक मूळ संच, जो त्या वर्गाच्या ड्रायव्हरनं द्यायलाच हवा, आणि त्यावर ऐच्छिक विस्तार. मल्टिमीटरच्या मूळ संचात काय मोजायचं, कोणत्या रेंजवर, किती रिझोल्यूशननं, ट्रिगर कुठून, एवढं येतं.

यातली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे लॉजिकल नाव. फौजेत ऑर्डर हुद्द्याच्या नावानं निघते. ‘ड्यूटी ऑफिसर अमुक करेल’ असं लिहिलेलं असतं. त्या रात्री ड्यूटीवर कोण आहे हे ड्यूटी रोस्टरवर असतं. इथंही तसंच. प्रोग्राम म्हणतो, ‘मुख्य मल्टिमीटर’ उघड. तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या ड्रायव्हरचा, हे प्रोग्रामबाहेर, कॉन्फिगरेशनच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असतं. मीटर बदलला की ती नोंद बदलायची, प्रोग्रामला हात लावायचा नाही. शिवाय या ड्रायव्हरमध्ये सिम्युलेशन असतं, म्हणजे मीटर समोर नसतानाही प्रोग्राम लिहून चालवून बघता येतो. ज्या कॉलेजात चाळीस मुलं आणि दोन मीटर, तिथं हे वरदानच आहे.

मग सगळं सुटलं का? नाही. आज्ञा सारखी झाली म्हणून मोजमाप सारखं होत नाही, आणि विक्रीच्या माहितीपत्रकात हे कुणी ठळक छापत नाही.

इनपुट रेझिस्टन्स घ्या. काही मीटर डीसी व्होल्टवर 10 मेगाओहम दाखवतात, काही खालच्या रेंजवर 10 गिगाओहमहून जास्त. 34401ए कारखान्यातून 10 मेगाओहमवर येतो. 10 व्होल्टपर्यंतच्या रेंजसाठी एका आज्ञेनं तो वाढवता येतो. आता कार्डावरचा 5 व्होल्टचा बिंदू 1 मेगाओहमच्या रेझिस्टरमागे आहे असं धरा. गिगाओहमवाला मीटर जवळजवळ 5 व्होल्ट वाचेल, 10 मेगाओहमवाला 4.55. नऊ टक्के फरक, दोन्ही मीटर उत्तम, दोन्ही कॅलिब्रेटेड. आणि मल्टिमीटरच्या आयव्हीआय वर्गात इनपुट रेझिस्टन्स ठरवण्याची जागाच नाही, तो त्या त्या मीटरच्या खास आज्ञेनं ठरवावा लागतो. म्हणजे कागदावर अदलाबदल झाली, पण चांगलं कार्ड ‘फेल’ झालं.

दुसरी गोष्ट वेळ. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून मेन्सचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. चांगला मीटर पूर्ण आवर्तनांवर सरासरी काढतो, त्यामुळे मेन्सची गुरगुर निघून जाते. जुना मीटर दहा आवर्तनं घेत असेल तर 200 मिलिसेकंद लागतात, नवा एकातच काम उरकत असेल तर 20. नव्याचा वेग बघून सगळे खूश होतात. पण रिले बसल्यावर व्होल्टेज स्थिर व्हायला 100 मिलिसेकंद लागत असतील तर? जुन्या मीटरच्या आणि जुन्या बसच्या संथपणातच ती उसंत दडलेली होती. प्रोग्राममध्ये ती कुणी लिहिलीच नव्हती, कारण कधी गरज पडली नव्हती.

तिसरी, ओव्हरलोड. स्किपी मीटर ओव्हरलोड झाला की 9.9 गुणिले दहाचा 37 वा घात असा आकडा पाठवतो. ‘4.75 पेक्षा जास्त असेल तर पास’ एवढीच अट लिहिली असेल, तर ओव्हरलोड झालेलं कार्डही पास. आयव्हीआयमध्ये यासाठी वेगळं फंक्शन आहे. ते वापरा, आणि प्रत्येक मर्यादेला वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू द्या.

आणखी एक बारीक मुद्दा. आयव्हीआय ड्रायव्हर मीटरची स्थिती स्वतःजवळ लक्षात ठेवू शकतो, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पाठवावी लागत नाही. मधेच कुणी ‘लोकल’ बटण दाबून पॅनेलवरून रेंज बदलली तर ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. टेस्ट चालू असताना पॅनेलला हात लावायचा नाही, ही शिस्त तंत्रज्ञांना लावावीच लागते.

स्वस्त उपकरणांना पुष्कळदा आयव्हीआय ड्रायव्हर मिळतच नाही, फक्त स्किपीच्या आज्ञांचं पुस्तक मिळतं. तिथं व्हीसावर आपलाच एक पातळ थर लिहा. ‘डीसी व्होल्ट मोज’ असं एक फंक्शन, आणि त्याला रेंज, सरासरीची आवर्तनं, इनपुट रेझिस्टन्स, थांबण्याचा वेळ या चारही गोष्टी बाहेरून द्यायच्या. मीटरच्या मूळ सेटिंगवर काहीही सोडायचं नाही. सुरुवातीला आयडीएन विचारून उत्तर रिपोर्टमध्ये छापायचं, म्हणजे कोणतं कार्ड कोणत्या मीटरनं तपासलं याची नोंद राहते.

आणि जुना मीटर चालू असेल तर नवा आला त्या दिवशी तो लगेच भंगारात काढू नका. चार्ज देताघेताना जुना आणि नवा अधिकारी काही दिवस बरोबर असतात, तसं करा. दहा चांगली आणि शक्य तेवढी खराब कार्डं दोन्ही मीटरांवर तपासा, प्रत्येक बिंदूचे आकडे शेजारी शेजारी लिहा. दोन्ही मीटरांच्या अचूकतेत बसेल त्याहून मोठा फरक जिथं दिसेल, तिथं सर्किट डायग्राम उघडून बघा. बहुधा तिथं मोठा रेझिस्टर, सावकाश बसणारा रिले किंवा भरायला वेळ लागणारा कपॅसिटर सापडेल.