हेड कुठलं घालू, काका?

माझ्याकडे येणारी पोरं हल्ली मोबाइलवर किंमत काढूनच येतात. आजोबांची नाहीतर मामाची जुनी लोखंडी बॅरलची बुलेट असते आणि तिला घालायला मोठ्या वॉल्व्हचं हेड हवं असतं. इंग्लंडात हिचकॉक्स नावाचं दुकान बुलेटचे खास भाग विकतं, दिल्लीच्या करोलबागेत तर गल्लीच्या गल्ली आहे. "काका, हे मागवू का? गाडी पळेल ना?" एवढाच प्रश्न. मी रत्नागिरीला एसटीच्या वर्कशॉपात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पावसला घराच्या पडवीत बुलेटी खोलत बसलो. माझा उलटा प्रश्न ठरलेला: गाडी चालवणार कुठे?

हवा-पेट्रोल आत घ्यायचं आणि जळलेला धूर बाहेर टाकायचा, ही दोन्ही कामं हेडातून होतात. म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की पहिला हात हेडालाच लागतो. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी हेच केलं. फोर्डने 1932 साली स्वस्तात व्ही-8 इंजिन दिलं, पण त्याचे वॉल्व्ह बाजूला ब्लॉकात होते आणि तापलेला धूर ब्लॉकातूनच वाट काढत बाहेर पडायचा. इंजिन तापायचं. झोरा आर्कस-डंटोव्ह या इंजिनिअरने 1947 च्या सुमारास वॉल्व्ह वर असलेलं ॲल्युमिनियमचं हेड काढलं, आर्डन नावाचं. आम्हा एसटीवाल्यांना आवडावी अशी बाब ही, की ते हेड मुळात ओझं ओढून तापणाऱ्या ट्रकांसाठी होतं. शर्यतवाल्या पोरांनी ते उचललं. हाच डंटोव्ह पुढे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटमुळे गाजला.

आता आपली बुलेट. 350 चा बोर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, म्हणजे 346 सीसी. लांब स्ट्रोकचं, सावकाश ओढणारं इंजिन. मिनिटाला 5000 फेऱ्यांवर पिस्टनला एकदा हवा ओढायला सेकंदाचे फक्त 6 हजारांश मिळतात. तेवढ्यात सिलिंडर भरायचा तर मोठा वॉल्व्ह, रुंद पोर्ट कामाचा, हे कबूल. पण पावसहून गोळपचा सडा चढताना, मागे बायको आणि टाकीवर आंब्याची पेटी, इंजिन 5000 ला असतं कधी? 2500 च्या आसपास घुमत असतं. तेव्हा रुंद पोर्टातली हवा मंदावते, पेट्रोलचे थेंब तिच्याबरोबर न जाता भिंतीला चिकटतात आणि चढावर गाडी मान टाकते. कलमांना पाणी देताना पाइपाच्या तोंडावर अंगठा का दाबतो आपण? पाणी वाढत नाही, जोर वाढतो. पोर्टाचंही तसंच. म्हणून पोर्ट मोठं करायला निघालेल्याला मी आधी थांबवतो. आतले ओतकामाचे उंचवटे काढावेत, गॅस्केटपाशी कार्बोरेटरचं आणि पोर्टाचं भोक जुळवावं. गावात चालवायच्या गाडीला तेवढं पुष्कळ.

आणखी एक हिशेब दुकानदार सांगत नाहीत. वॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या पाव भागाइतका उचलला गेला, की त्याच्या कडेची मोकळी जागा त्याच्या तोंडाइतकी होते. 40 मिलिमीटरच्या वॉल्व्हला त्यासाठी 10 मिलिमीटर उचल लागते. कॅम जुनाच ठेवलात तर उचल वाढणार कुठून? मोठ्या हेडाला कॅम, कार्बोरेटर, सायलेन्सर सगळंच जुळवून घ्यावं लागतं. एकटं हेड बदलणं म्हणजे पैसे घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्रेशनचं मात्र पाहण्यासारखं असतं. जुन्या बुलेटचं ते साधारण 6.5, त्या काळच्या पेट्रोलला साजेसं. म्हणजे हेडातली जागा 63 सीसीच्या आसपास. ती 53 वर आणली की कॉम्प्रेशन 7.5 होतं आणि आजचं पेट्रोल ते सहज सोसतं. नवं हेड घेतलं की डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, मोजावं. हेड उलटं ठेवायचं, प्लग लावायचा, वॉल्व्ह बसवायचे, तोंडाला ग्रीस फासून भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी दाबायची आणि औषधाच्या दुकानातल्या मोठ्या सिरिंजने रॉकेल भरत जायचं. शेवटचा बुडबुडा निघाला की सिरिंजवर वाचा. पिस्टनचा माथा फुगीर असेल तर तेवढी जागा वजा. 10 सीसी कमी करायला नुसतं हेड लेथवर कापत सुटू नये. वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि पुशरॉडचं माप चुकतं. त्यापेक्षा उंच माथ्याचा पिस्टन बरा.

याच मोजणीत फुकटात दुसरी परीक्षा होते. रॉकेल पोर्टातून झिरपलं तर वॉल्व्ह सीटवर बसत नाही. एका गिऱ्हाइकाने कुठूनसं आणलेलं चकचकीत नवं हेड असंच गळलं. वॉल्व्हच्या कडेला निळं लावून सीटवर फिरवला, तर डाग फक्त एका बाजूला. गाईडचं भोक सीटला सरळ नव्हतंच. असं हेड घासण्याच्या पेस्टने सुधारत नाही. गाईड बदलायचं, मग त्यातून आधार घेऊन 45 अंशांत सीट पुन्हा कापायची, रुंदी मिलिमीटर-दीड मिलिमीटर. आमच्याकडे ते यंत्र नाही. आंबा घाट चढून कोल्हापूरला पाठवतो. जिथे मोठमोठ्या कंपन्यांचे ब्लॉक आणि हेड फाउंड्रीत ओतले जातात, तिथे सीट कापणारा हात सापडतोच. मला विचाराल तर, हेड कुठल्या कंपनीचं यापेक्षा सीट कोणी कापली हे आधी विचारावं.

जुनं हेडच ठेवायचं असेल तर एक्झॉस्टची सीट मात्र कडक धातूची घालून घ्या. 2000 साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिशाचा पातळ थर सीटला जपायचा, तो गेला. मऊ सीट हळूहळू खचते, टॅपेटची फट मिटते, वॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि शेवटी जळतो. गाडी गरम झाल्यावर सुरू होईना, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि कार्बोरेटरला दोष देतात. आमच्या खाऱ्या हवेत आणखी एक व्याप: स्टड लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं, दोघं एकमेकांना असे धरतात की काढताना फिन तुटतात. हेड बसवताना स्टडला कॉपर ग्रीस लावा, नट तिरक्या जोडीने आणि टप्प्याटप्प्याने आवळा.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. त्याने मिश्रण पातळ पडतं, एक्झॉस्ट तापतो. नवं हेड घातल्यावर मेन जेट एक नंबर वरचा घालून प्लगचा रंग पाहावा, फिकट पांढरा दिसला तर आणखी वरचा. आणि 350 चं 500 करायला निघालेल्यांनी आरसी बुक उघडून बघावं. त्यात 346 सीसी लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम नोंदीपेक्षा वेगळे बदल परवानगीशिवाय करू देत नाही, आणि अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा तेच पान उघडतो.