ट्रेडिंगसाठी कॉम्प्युटर घेताय? पैसे नेमके कुठे घालायचे ते आधी बघा

"सर, ट्रेडिंग सुरू करायचंय, कॉम्प्युटर कुठला घेऊ?" हा प्रश्न व्हिडिओखाली सारखा येतो. काही जण तर दीड-दोन लाखांचं कोटेशन घेऊनच विचारतात. म्हणून आज एकेक पार्ट बघू आणि कुठे हात सैल सोडायचा, कुठे आखडायचा ते ठरवू.

आधी एक आकडा मनात ठेवा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एफ अँड ओ व्यवहारांचा अभ्यास जाहीर केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते आणि तोटा सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये. यातला कोणी कॉम्प्युटर हळू होता म्हणून बुडाला असेल असं मला वाटत नाही. मशीन हे दुकानाच्या काउंटरसारखं आहे. भांडवल काउंटरमध्येच अडकलं तर माल कशाने भरणार?

खरेदीच्या आधी एक चाचणी

घरी जुना कॉम्प्युटर असेल तर बाजार सुरू होताना, सकाळी ९.१५ ला, रोजच्यासारखे चार्ट आणि टर्मिनल उघडा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरी ९० टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. दोन्ही ठीक आहे, पण प्रोसेसर सतत भरलेला दिसतोय, तरच नवीन मशीनचा विचार करा. बऱ्याच जणांचं काम नुसती रॅम आणि एसएसडी टाकून भागतं.

नवीन घ्यायचंच असेल तर

प्रोसेसर: चार्टिंगच्या कामाला ढीगभर कोअर लागत नाहीत, प्रत्येक कोअर वेगवान हवा. इंटेल कोअर आय ५ किंवा एएमडी रायझन ५, अलीकडच्या पिढीतला, पुरेसा आहे. एक सापळा मात्र लक्षात ठेवा. मॉडेल नंबरच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो, पण मग ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं लागतं आणि वाचलेले पैसे दुप्पट जातात.

ग्राफिक्स कार्ड: दोन मॉनिटरसाठी याची गरज नाही. मदरबोर्डवर एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट दोन्ही आहेत ना, एवढं बघा. गेमिंगच्या महाग कार्डाने चार्टही वेगाने चालत नाहीत आणि ऑर्डरही लवकर जात नाही.

रॅम: १६ जीबी, शक्यतो ८-८ च्या दोन स्टिक. दोन्ही चॅनल वापरले जातात आणि वेग चांगला मिळतो.

एसएसडी: एनव्हीएमई प्रकारची, ५०० जीबी पुरे. ट्रेडिंगचा डेटा फार जागा खात नाही.

पॉवर सप्लाय: कॅबिनेटबरोबर फुकट येणारा नको. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणित, ४५० वॅटचा घ्या.

मॉनिटर: २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचे दोन. एकावर चार्ट, दुसऱ्यावर ऑर्डर आणि पोझिशन. सहा स्क्रीन फोटोत छान दिसतात, पण लक्ष द्यायला माणूस एकच असतो.

सेकंडहँड घेणार असाल तर: विंडोज १० चा मोफत सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ज्या मशीनवर तुमचा डीमॅट आणि बँक उघडणार, ते जुन्या, असुरक्षित विंडोजवर नको.

खरा धोका: वीज आणि इंटरनेट

पोझिशन उघडी आहे आणि लाइट गेली, तर आय ७ काय आणि आय ९ काय! म्हणून ग्राफिक्स कार्डचे वाचलेले पैसे इथे घाला.

हिशोब सोपा आहे. असा पीसी, दोन मॉनिटर आणि राउटर मिळून साधारण १५० वॅट खातात. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-अवर. त्यातले प्रत्यक्षात निम्मेच हाती लागतात असं धरा, म्हणजे साधारण १५ मिनिटं. पोझिशन बंद करायला तेवढी पुरतात. राउटर विसरू नका, तोही यूपीएसवरच लावा. नाहीतर कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद!

राउटरपासून वाय-फायऐवजी लॅनची केबल ओढा. फायबर बंद पडलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट हवा आणि सिम शक्यतो दुसऱ्या कंपनीचं. ब्रोकरचं ॲप फोनमध्ये लॉगिन करून ठेवा. ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर घेण्याचा नंबर भिंतीवर चिकटवा. आणि मुख्य म्हणजे स्टॉप लॉस लावा. ती ऑर्डर एकदा स्वीकारली गेली की तुमच्या मशीनवर अवलंबून राहत नाही, घरात अंधार असला तरी तिकडे जागेवर असते.

बिल आणि टॅक्स

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर गावातल्या दुकानातून, बिल पक्कं हवं आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर हवा. वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी असते, ती लिहून घ्या.

एफ अँड ओचं उत्पन्न हे धंद्याचं उत्पन्न धरलं जातं. त्यामुळे कॉम्प्युटरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. ६०,००० चं मशीन असेल तर पहिल्या वर्षी २४,००० रुपये. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मे. पण फक्त गुंतवणूक करून भांडवली नफा दाखवणाऱ्याला हा फायदा नाही. बिलावरचा १८ टक्के जीएसटीही शेअर ट्रेडिंगसाठी परत मिळत नाही, कारण जीएसटीच्या कायद्यात शेअर हा ना माल, ना सेवा. तुमचा दुसरा नोंदणीकृत धंदा असेल तर कोणता खर्च कुठे दाखवायचा ते सीएला विचारून घ्या.

तर मंडळी, क्रम असा ठेवा: आधी चाचणी, मग रॅम आणि एसएसडी, मग यूपीएस आणि दुसरं इंटरनेट, मग दुसरा मॉनिटर आणि सगळ्यात शेवटी नवीन मशीन. जे पैसे उरतील ते भांडवलात राहू द्या. या आठवड्यात एक काम करा: सकाळी ९.१५ ला टास्क मॅनेजर उघडा आणि तीन आकडे वहीत लिहा. दुकानात जाताना ती वही सोबत न्या, म्हणजे काय घ्यायचं ते दुकानदार नाही, तुम्ही ठरवाल.