पावणेचार टँकरांत एक ग्रॅम

फ्लॅवोपिरिडॉल हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींची वाढ निम्म्यावर आणतं ते सरासरी ६६ नॅनोमोलर इतक्या प्रमाणात. शोधनिबंधात हा आकडा वाचताना निसटून जातो. हिशेब मांडून पाहा: एक ग्रॅम द्रव्य आणि सुमारे ३८ हजार लिटर पाणी. सोसायटीच्या गेटाशी लागणारे दहा हजार लिटरचे पावणेचार टँकर!

आता उलट बाजूने. प्रयोगशाळेतल्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका खळग्यात १०० मायक्रोलिटर द्रव आणि पाचेक हजार पेशी धरू. तेवढ्याशा द्रवातही या द्रव्याचे ४ लाख कोटी रेणू असतात. एकेका पेशीच्या वाट्याला ८० कोटी.

हे द्रव्य मुलुंडचं आहे, हे मुलुंडकरांनाही फारसं माहीत नसतं. हेक्स्ट कंपनीच्या तिथल्या संशोधन केंद्रात वनस्पतींमधून औषधी द्रव्यं शोधण्याचं काम चाले, फोर्सकोलिन तिथलंच. कडुनिंबाच्या कुळातल्या, सह्याद्रीतही वाढणाऱ्या डायसोझायलम बायनेक्टॅरिफेरम या झाडातून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी रोहितुकीन वेगळं केलं. १९८८ साली त्यावरचा निबंध आला, पण तो दाह आणि रोगप्रतिकारशक्तीबद्दल होता. रोहितुकीनच्या रेणूत ४१ अणू. त्यातला चार अणूंचा एक गट काढून तिथे अकरा अणूंचा गट बसवला की ४८ अणूंचं फ्लॅवोपिरिडॉल होतं. एवढ्याशा फेरफाराने दाहाचं द्रव्य कर्करोगाकडे वळलं. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत थक्क करतं ते हेच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्याची नोंद झाली ती ६,४९,८९० या क्रमांकावर. तिथे ६० प्रकारच्या मानवी कर्कपेशींवर ते तपासलं गेलं. पेशीविभाजन चालवणाऱ्या सीडीके या विकरांना अडवणारं, माणसांवर चाचणीला उतरलेलं ते पहिलं औषध ठरलं.

आणि रुग्णांमध्ये ते फिकं पडलं. प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या वासराचा रक्तद्रव मिसळलेल्या द्रवात. माणसाच्या रक्तातली प्रथिनं मात्र या औषधाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग धरून ठेवतात. त्यामुळे रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मारायला मानवी रक्तद्रवात सुमारे पाचपट प्रमाण लागतं. तीन-तीन दिवस संथपणे औषध देण्याची पद्धत तिथेच फसली होती. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी वेळापत्रक बदललं: अर्ध्या तासात एक मात्रा, पुढचे चार तास दुसरी. इतर उपचारांना न जुमानणाऱ्या लिम्फोसायटिक रक्तकर्काच्या ४२ रुग्णांपैकी १९ जणांचा आजार अंशतः ओसरला. हा निष्कर्ष २००७ चा. काहींच्या कर्कपेशी तर इतक्या झपाट्याने फुटल्या, की त्यांतून सुटलेलं पोटॅशियम आवरायला डायलिसिसची तयारी ठेवावी लागली. विक्रीचा परवाना या औषधाला अजून मिळालेला नाही.