सीताफळाचे झाड 'वांझ' नसते

परसात सीताफळाचे झाड आहे, उन्हाळ्यात फुलांनी लगडते, पण फळे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच! ही तक्रार आम्ही अनेक घरांत ऐकतो. मग झाडाला 'वांझ' ठरवून कुऱ्हाड लावली जाते. घाई करू नका. बहुधा दोष झाडाचा नसून परागीभवनाचा असतो.

सीताफळाच्या एकाच फुलात स्त्री व नर दोन्ही भाग असतात, पण ते एकाच वेळी तयार होत नाहीत. फूल अर्धवट उघडते तेव्हा आतील स्त्रीकेसर चिकट व चमकदार असतात. ते सुकू लागल्यावर पाकळ्या पूर्ण पसरतात आणि मग पराग सुटतो. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला मिळावा लागतो. निसर्गात हे काम बारीक भुंगेरे करतात. ते कमी पडले की फुले गळतात.

त्यांचे काम आपण करू शकतो. पूर्ण उमललेल्या फुलांखाली कागद किंवा डबी धरून पराग झाडून घ्यावा. तो त्याच दिवशी, फार तर रात्रभर थंड जागी ठेवून दुसऱ्या सकाळी वापरावा. रंगकामाचा बारीक, मऊ, कोरडा ब्रश परागात बुडवून अर्धवट उघडलेल्या फुलात चारी बाजूंनी हलकेच फिरवावा. काम सकाळीच उरकावे, उन्हाच्या झळांनी स्त्रीकेसर लवकर सुकतात.

ब्रश चारी बाजूंनी फिरवण्याला कारण आहे. सीताफळ हे अनेक छोट्या फळांचे मिळून बनलेले एक फळ आहे. ज्या बाजूला पराग पोहोचत नाही, तिथले डोळे भरत नाहीत आणि फळ वाकडे होते. बाजारात भाव आकार पाहूनच ठरतो, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नावाला साजेसा माल हवा.

जाड फांद्यांवरील फुले निवडावीत, लहान झाडावर फार फळे लादू नयेत. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. बुंध्याशी पालापाचोळा राहू द्यावा व ओल टिकवावी, भुंगेऱ्यांना आसरा मिळतो. खर्च एका ब्रशचा, मेहनत सकाळच्या अर्ध्या तासाची. फळे उतरायला सुमारे ४ महिने लागतात, तेवढी वाट पाहावी आणि कुऱ्हाड तोवर बाजूला ठेवावी.